टाकीला एक पुरते

वहिनीच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत, तळाच्या वाळूवर, बोटभर लांबीची एक कोरी असते. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला हा मिशाळ मासा. वहिनी सकाळी चिमूटभर खाद्य टाकते आणि वरचे गोल्डफिश ते खाली पोचूच देत नाहीत.

"हिला वेगळं नाही का घालत?" मी विचारलं.

"हिला कशाला, वन्सं? ही सफाईला आणलीय. उरलंसुरलं खाते. दुकानदार म्हणाला, टाकीला एक पुरते."

हे मासे घोळक्यानं राहतात, एवढं मी वाचलं होतं. सांगणार होते, तेवढ्यात आत्या आठवली. "आत्याला काही लागत नाही," हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं की पुढे ते सगळ्यांना खरंच वाटायला लागलं. लग्नकार्याला सगळे निघाले की ती घर सांभाळायला मागे थांबायची. तुला यायचंय का, असं तिला कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी कपाटाच्या आरशासमोर वेणी घालताना ती हळू आवाजात बोलत बसायची, आणि आम्ही पोरं दाराआडून हसायचो.

"बघा, कशी काचेशी खेळतेय," वहिनी कौतुकानं म्हणाली.

कोरी कोपऱ्यात काचेला अंग लावून थांबली होती. काचेत तिचं प्रतिबिंब पडलं होतं, अगदी तिच्याएवढं. ती जरा पुढे सरकली की तेही सरकायचं, ती थांबली की थांबायचं.

तेवढीच सोबत होती तिला.