लोकसभेतली दोन वाक्यं

सरपंच होतो तेव्हा लोक पहाटे दार वाजवून मला उठवायचे. पंचायत समितीचा सभापती झालो, मग ते कचेरीत येऊन थांबायला लागले. खासदार झाल्यावर मात्र मलाच त्यांना शोधत फिरावं लागलं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. आमच्या भागाबद्दल लोकसभेत बोलायला मिळावं म्हणून मी कितीदा चिठ्ठ्या दिल्या. अखेर एकदाचं नाव लागलं. हिंदीत भाषण लिहिलं, खोलीत घड्याळ समोर ठेवून म्हणून पाहिलं. पाच मिनिटांत बसत होतं. पण त्या दिवशी आधीचे वक्ते लांबले. माझी पाळी आली तेव्हा बाकं बहुतेक रिकामी होती. "हमारे यहाँ कुएँ सूख गए हैं. लोग पत्थर तोड़कर जी रहे हैं," एवढं बोललो आणि घंटा झाली. खाली बसलो.

मनमाडला गाडीतून उतरलो, एसटी धरली आणि कोल्हारच्या अलीकडे दुष्काळी कामावर उतरलो. आमच्याच गावची एक बाई खडी फोडत होती. निवडणुकीत माझ्यासाठी घरोघर फिरलेली.

"अण्णा, दिल्लीत आमचं बोलले का?"

"बोललो. दोनच वाक्यं झाली."

तिनं हातोडी खाली ठेवली. "दोन? तुमाला मत द्यायला आमी दोन कोस चालत गेल्तो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी एवढंच विचारलं, "इथं काय अडलंय?"

"पानी. तीन दिस टँकर न्हाई."

तसाच तहसील कचेरीत गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. कारकून धावत आला. "साहेब, आत बसा, चहा सांगतो."

"टँकर निघाला की उठतो," मी म्हणालो.

दिवस कलताना टँकर निघाला. ड्रायव्हरशेजारी बसून मीही गेलो. बायांनी हंडे भरले. आभार कुणी मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं. हे काम सरपंच असतानाही मी करत होतो, तेव्हा इतका थकत नव्हतो.

पुढच्या वेळी तिकीट नको, असं मी पक्षाला कळवून टाकलं. बायकोनं विचारलं, "मग सरपंचकीला उभं राहणार का?"

"बघू," मी म्हणालो. "आधी चार दिवस झोपू दे."