उभ्या गाड्यांचा धूर

जासईच्या यार्डात परदेशी जाणाऱ्या नव्या गाड्या बोटीची वाट पाहत उभ्या असतात. बॅटरी उतरू नये म्हणून काही माणसं त्या रोज सुरू करून ठेवतात. त्यांतलेच एक हे काका. धुराने खोकतात, पण गाडीचं दार लावतात अगदी हळू, आत कुणी झोपल्यासारखं.

फाटकावर कंपनीचं कार्बनमुक्तीचं वचन हिरव्या अक्षरांत लिहिलंय. त्या खोटेपणावर मी पत्रक लिहिलं: प्रत्येक गाडी रोज दहा मिनिटं उभ्या जागी धूर ओकते. छापण्याआधी काकांना वाचून दाखवलं. नोकरीच्या भीतीने ते फाडायला लावतील, असं वाटलं होतं.

"दहा नाय बाला, वीस मिन्टा," ते म्हणाले. "लिवायचा त खरा लिव. फकस्त माजा नाव नको."

म्हणून इथेही लिहीत नाही.