फटफटीवरची सैर, म्हणे

"हा आमच्या गावचा जवान. सरकारच्या खर्चानं फटफटीवर युरोपची सैर करून आला."

फौजेतून सुटून आलो त्या आठवड्यात आमच्या गावच्या देशमुखांनी मंगरूळपीरला कचेरीसमोर चारचौघांत माझी अशी ओळख करून दिली. लोक हसले.  तो शब्द तेव्हा कानात शिरला तो अजून निघालेला नाही. सैर! आज माझे केस पांढरे झाले, तरी कुणी नातेवाईक लग्नात भेटला की विचारतो, "काय हो, तुमी त्या सैरीले गेलते ना?"  म्हणून जे झालं ते सांगून टाकतो.

आमचं घर बागवानीचं. शेलूबाजारच्या अलीकडे, नाल्याच्या काठाला आमची वस्ती. विहिरीवर लहानसा मळा होता. त्यात वांगी, मिरच्या, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. बाजाराच्या दिवशी सगळं बैलगाडीत भरायचं आणि नाला ओलांडून पलीकडच्या रस्त्याला लागायचं. उन्हाळ्यात काही वाटत नसे. पण पावसाळ्यात ती काळी माती चाकाला अशी धरते की बैल गुडघे टेकतात. कितीदा तरी भाजी गाडीतच सडली आणि आम्ही ती त्याच बैलांना घातली.

लढाई सुरू झाल्यावर भरतीवाले शेलूबाजारात आले. टेबल मांडलं, आणि साहेबाच्या शेजारच्या खुर्चीवर आमचे देशमुख बसले. ते उभे राहून म्हणाले, "जे गाव सरकारले पोरं देईन, त्या गावाले सरकार रस्ता देईन. नाल्यावर दगडाची फरशी बांधून देईन, पान्यातूनबी गाडी जाईन अशी. मी शब्द देतो."

माझ्या मोठ्या भावाचं नुकतंच लग्न झालं होतं. मळा त्याच्या अंगावर होता. मी मोकळा होतो. निव्वळ रस्त्यासाठी गेलो असं म्हणणार नाही. वांग्यांच्या वाफ्यांपलीकडचं जग पाहायचं होतं मला. पण आईनं "काहून जातं रे बावा?" असं विचारलं तेव्हा मी तिला रस्त्याचंच कारण सांगितलं, आणि ते तिनं साऱ्या वस्तीला सांगितलं.

फौजेत मला फटफटी शिकवली. निरोप्याचं काम, एका तळावरून दुसऱ्या तळावर सरकारी टपाल न्यायचं. तिथंच रिसोडचा गडी भेटला. तो भरतीआधी रिसोड-वाशीम मोटारीवर क्लीनर होता. बोलायला तिखट, कुणाच्या बापाला न भिणारा. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारत असू. माझी वस्ती मंगरूळ तालुक्यातली, म्हणून तो मला मंगरूळ म्हणे, मी त्याला रिसोड.

आफ्रिका झाली, इटली झाली, आणि शेवटी आमची पलटण ग्रीस देशात उतरली. जर्मन निघून गेले होते आणि जाताना पूल उडवून गेले होते. डोंगरातली गावं जळालेली. शिवाय देशातले लोक आता आपसातच बंदुका रोखून बसलेले. गावात धान्य नाही, आणि हिवतापानं घरंच्या घरं आडवी. ट्रक जाईना, म्हणून नऊ फटफट्यांची एक टोळी केली. बरोबर पुण्याकडचे एक डॉक्टरसाहेब. काही गाड्यांना बाजूला माणूस बसायचा डबा होता. त्यात हिवतापावरचं कोयनेल, दुधाची पावडर, पट्ट्या भरायच्या आणि डोंगर चढायचा. सलोनिका शहरापासून सेर्रेस, तिथून द्रामा, आणि द्राम्यावरून वर सरहद्दीच्या बाजूची खेडी. देशमुखांची ती सैर म्हणजे ही.

हँडलवरची बोटं थंडीनं इतकी आखडायची की सोडवायला दुसऱ्याची मदत लागायची. खालच्या गावांत घराघराला तंबाखूच्या पानांच्या माळा टांगलेल्या असत, आणि त्या माळांखाली बसलेल्या माणसांचे गुडघे तोंडापेक्षा मोठे दिसत. आम्ही कोयनेलच्या गोळ्या वाटायचो. रिसोड एका म्हाताऱ्याला गोळी देताना म्हणाला, "कडू हाये बाप्पा, गिळून टाक," आणि तो म्हातारा आपल्या भाषेत काहीतरी बोलला. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली, जणू सगळं समजलं.

एका टेकडीवरच्या खेड्यात एका म्हातारीनं रिसोडची बाही धरली. सोडेचना. ओढत ओढत त्याला घरात घेऊन गेली. आत तिची सून अडलेली होती. डॉक्टरसाहेबांनी पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "इथं काही करता येणार नाही. मूल आडवं आहे. द्राम्याच्या दवाखान्यात न्यायला हवं."

"न्याची कशी?" मी विचारलं. गावात घोडा उरला नव्हता, गाढव उरलं नव्हतं.

 रिसोडनं आपल्या डब्यातला सगळा माल खाली काढला, आत गवत अंथरलं, म्हातारीच्या गोधड्या घातल्या आणि त्या बाईला उचलून त्यात ठेवलं. मी पुढं निघालो. दगड दिसला की उतरून बाजूला सारायचा, पुन्हा गाडीवर बसायचं. मागं ती बाई ओरडत होती आणि रिसोड रस्त्याला, जर्मनांना, त्या डोंगराला रिसोडच्या बाजारातल्या सगळ्या शिव्या घालत होता. दिवस मावळायच्या आत आम्ही द्राम्यात पोचलो. बाई जगली. मुलगी झाली, तीही जगली.

काही आठवड्यांनी त्या खेड्यात पुन्हा गेलो, तेव्हा म्हातारीनं आम्हाला उकडलेला घेवडा खाऊ घातला आणि रिसोडच्या फटफटीला सुकलेल्या फुलांचा हार बांधला. पोळ्याच्या बैलाला बांधावा तसा. गावची माणसं डॉक्टरसाहेबांजवळ आली आणि दुभाष्याकडून विचारलं, "तुम्ही गेल्यावर ही एक गाडी आमच्याकडे ठेवता येईल का? आमच्यातल्या एकाला चालवता येते." डॉक्टरसाहेब म्हणाले, "मी विचारतो."

लढाई संपली. मायदेशी परतायचा हुकूम आला. आम्ही सगळे कावाला बंदरावर जमलो, आणि तिथं मेजरसाहेबांनी सांगितलं की फटफट्या जुन्या झाल्यात, बोटीवर न्यायच्या नाहीत, समुद्रात ढकलून द्यायच्या.

डॉक्टरसाहेब बोलायला गेले. त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही तुमच्या औषधांचं बघा. मग रिसोड पुढं झाला.

"साब, एक गाड़ी उस गाँव को दे दो. बीमार लोग हैं. दवाखाना दूर है."

"ये सरकारी माल है," मेजर म्हणाला. "किसी को देने का हुकुम नहीं."

"फेंकने का हुकुम है, देने का नहीं?"

मेजरचा चेहरा लाल झाला. "एक गाँव को दिया तो कल सब माँगेंगे. धक्का मारो!"

पेट्रोल काढून घेतलेल्या नऊ गाड्या धक्क्याच्या कडेला उभ्या होत्या. आदल्याच दिवशी आम्ही त्या पुसल्या होत्या, साखळ्यांना तेल घातलं होतं. जुन्या! डोंगरात एकही बंद पडली नव्हती. आम्ही हँडलवर हात ठेवून उभे राहिलो. रिसोडनं आधी हात काढले आणि पाठीमागं बांधले. मग मी काढले. मग बाकीच्यांनी. आमच्यात काही ठरलं नव्हतं, कुणी कुणाकडे पाहिलंही नाही. पुन्हा हुकूम झाला. आम्ही तसेच.

शेवटी दुसऱ्या पलटणीची माणसं आणली. त्यांनी एकेक करून ढकलल्या. खाली मच्छिमार होड्यांत उभे होते. ते डोक्याला हात लावून पाहत होते. ज्यांच्या देशात एका भाकरीसाठी माणसं मेली होती, त्यांच्या डोळ्यांसमोर हा माज! मला अजून वाटतं, तो मेजर भेटला तर त्याची गचांडी धरून विचारावं, बाबा रे, तुझ्या बापाचं काय जात होतं?

बोट तयार होती म्हणून मोठा खटला भरला नाही. बोट निघेपर्यंत कोठडी, आणि फौजेतून सुटताना कागदावर वर्तनाचा वाईट शेरा. कारंजाच्या स्टेशनावर आम्ही दोघं उतरलो तेव्हा रिसोड म्हणाला, "मंगरूळ, माह्यासाठी दोन वांगे ठेवजो. येईन मी." आणि आपल्या मोटारीकडे निघून गेला.

घरी आलो. देशमुखांनी कचेरीसमोर ती सैर साजरी केली. पण वस्तीतली माणसं साधी. त्यांनी सरळ विचारलं, "मालक, पोरगं तं आलं. आता रस्ता कवा?" तोवर माझा शेरा देशमुखांच्या कानावर गेला होता. ते म्हणाले, "रस्ता कायचा? यानं तिकडं हुकूम मोडला. सरकार नाराज हाये. याच्यानंच तुमचा रस्ता गेला."

आणि लोकांनी ते मानलं! विहिरीवर बाया मला ऐकू जाईल असं बोलायच्या. एक चुलती तोंडावर म्हणाली, "तुले काहून पुळका आल्ता रे परक्या गावाचा? आपलं गाव दिसलं नाई?"  जो रस्ता कुणाच्या मनातच नव्हता, तो माझ्यामुळे गेला.

घरात फक्त वहिनी मला खोदून खोदून विचारायची. तिला दिवस गेले होते. भाकरी थापता थापता म्हणायची, "भाऊजी, त्या बाईले खरंच डब्यात बसवून नेलं तुमी?"

"हो वहिनी."

"आन् तिले लाज नाई वाटली? परक्या मानसाच्या गाडीत?"

"ओरडू ओरडू तिचा जीव चालला होता. लाज कुठची?"

ती हसायची. "पोरगी कशी होती? गोरी असन."

भादव्यात वहिनीचं पोट दुखायला लागलं. सुईण पहाटेपासून बसली होती. न्याहारीच्या वेळेला बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "माह्या हातचं नाई. मंगरूळच्या दवाखान्यात न्या." आम्ही गाडी जुंपली. नाल्याला पाणी कमरेपर्यंत होतं आणि खाली चिखल. गाडी मधोमध रुतली. भाऊ बैलांना मारत होता, मी पाण्यात उतरून चाकाला खांदा लावला होता. वस्तीतली माणसं धावून आली, त्यांनीही लावला. चाक हलेना. वहिनी आधी ओरडत होती, मग कण्हायला लागली, मग तेही थांबलं. सुईणीनं तिच्या तोंडावर पदर ओढला तेव्हा गाडी नाल्यातच होती. पलीकडचा रस्ता मला तिथून दिसत होता.

मला रडू आलं नाही. ओल्या कपड्यांनी तसाच देशमुखांच्या घरी गेलो. ते पान लावत बसले होते.

"देवाची मर्जी," ते म्हणाले.

"देवाले मधात आनू नका," मी म्हणालो. "शब्द तुमी देल्ला होता."

"मी शब्द सरकारच्या भरवशावर देल्ला. आन् तू सरकारले नाराज केलं."

पुढं मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. त्यांच्या गड्यांनी मला धरून अंगणाबाहेर टाकलं.

मी रिसोडला निरोप धाडला. तो पुढच्याच मोटारीनं आला. आधी भावाजवळ जाऊन बसला. मग वस्तीत घरोघर फिरला आणि ओट्यावर उभा राहून म्हणाला, "कोनाची वाट पाहून राह्यले बे? अजून किती बाया त्या नाल्यात मारता?" लोकांना राग आला. यावाच म्हणून तो बोलला होता.

दिवाळी झाली आणि आम्ही दगड वाहायला लागलो. जवळचे दगड देशमुखांच्या बरड माळरानात. त्यांचे गडी आडवे आले, "मालकाचा दगड हाये." रिसोड म्हणाला, "मालकाले म्हना, मोजून ठेवा." आम्ही नेलेच. ज्या चुलतीनं मला सुनावलं होतं तीही डोक्यावर पाटी घेऊन येऊ लागली. चैत्रात फरशी झाली. ओबडधोबड, पण गाडी जाईल अशी.

आणि काय सांगू, फरशी झाली त्या बाजाराच्या दिवशी सकाळी देशमुख हजर! डोक्यावर आता खादीची टोपी. राज्य बदलायच्या गोष्टी चालल्या होत्या, तेव्हा तीही बदलली. सोबत कचेरीतला एक साहेब, हार, नारळ, आणि फरशीच्या तोंडाशी आडवी बांधलेली लाल फीत. भाषण सुरू झालं, "गावाले मी शब्द देल्ला होता..."

मी पुढं सरसावलो, पण तेवढ्यात मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. माझा भाऊ. वहिनी गेल्यापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. गाडीत वांग्यांची पोती होती. देशमुखांचा गडी ओरडला, "थांब ना बे! भाषण होऊ दे." भावानं बैल हाकायची टोकदार तुतारी टोचली. बैल उधळले. लाल फीत शिंगांत अडकून ओढली गेली. साहेब एका बाजूला उडी मारून वाचला. देशमुख दुसऱ्या बाजूला गेले आणि हारांसकट नाल्यात उरलेल्या चिखलात बसले.

पलीकडे जाऊन भावानं गाडी थांबवली आणि मागं वळून एवढंच म्हणाला, "बाजाराले उशीर होऊन राह्यला."

कुणी हसलं नाही. रिसोडनं बैलाच्या शिंगातली फीत काढून नाल्यात टाकली आणि भावाच्या शेजारी गाडीवर जाऊन बसला.

पुढच्या पावसाळ्यात निम्मे दगड वाहून गेले. आम्ही ते पुन्हा आणून टाकले. त्याच्या पुढच्या वर्षीही टाकले. दर वर्षी पाटी उचलताना मी मेजरला एक शिवी देतो आणि देशमुखांना दोन, आणि त्यानं माझं काहीही हलकं होत नाही.