नुसतं पडून राहणं

नवा रायपूरमध्ये मेंदूच्या एका अभ्यासासाठी आम्ही दोघी एमआरआय मशीनच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. दुसरीचं नाव मी विचारलंच नाही. पन्नाशीची बाई, जुन्या रायपुरातल्या तात्यापारा वस्तीत साड्यांना फॉल लावायची. मशीनजवळ धातू चालत नाही म्हणून सुई-कात्रीची पिशवी दारातच ठेवायला लावलेली, त्यामुळे तिचे रिकामे हात पदराचा काठ दुमडत होते.

तिला आधी नेलं. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

"दुखलं का?" मी घाबरून विचारलं.

"नाही वं माय. चित्र दिसलं की बटन दाबा म्हणे, ते मले बरोबर जमलं. मंग म्हणे, दीदी, अब कुछ नहीं करना, आराम से लेटे रहिए." ती बाकावर टेकली. "हे गेले तेव्हापासून मी रिकामी बसलीच नाही. आज बसवलं, अन् हे समोर येऊन उभे."

तिला बाहेर घेऊन आलेली मशीनवरची मुलगी हळूच म्हणाली, "आराम में भी दिमाग रुकता नहीं, दीदी. बस, रास्ते बदल लेता है."

"हव, मले माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर शिवून राहिली."

मग माझी पाळी आली. बटणाचं काम संपलं, 'कुछ नहीं करना' ऐकू आलं, आणि सकाळी मुद्दाम न उचललेला आईचा फोन आठवला. मी बटण धरून पुढच्या चित्राची वाट बघत राहिले.