अण्णांच्या पायांची दहा बोटं

टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर अण्णा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या तळव्यांना फोड आले होते. लेकीला आयर्लंडचा व्हिसा मिळाला तर हयातभर दर अंगारकीला राजूरच्या गणपतीला अनवाणी चालत जाईन, असा त्यांचा नवस होता. पहिली खेप नुकतीच झाली होती. एवढे फोड, पण अण्णा जराही लंगडत नव्हते, उलट माझी बॅग खांद्यावर टाकून ऐटीत चालत होते. आनंदात दुखणं विसरलेत, असं मला वाटलं. "जल्दी चढ, जागा धर," एवढंच म्हणाले.

आता मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात डायबेटिस क्लिनिकमध्ये नर्स आहे. रोस्टर, नाइट ड्यूटी, बारमाही रेनकोट, सगळं अंगवळणी पडलं. भाकरी मात्र इथल्या शेगडीवर अजून फुगत नाही. आमच्या हॉस्पिटलचा ब्राझील, टांझानिया आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या काही दवाखान्यांबरोबर एक कार्यक्रम चालतो. शुगर आणि हृदयाच्या दुखण्यांवर ज्याला जे जमलं ते त्याने इतरांना शिकवायचं. तिथेच मी पायाची एक तपासणी शिकले. माणसाने डोळे मिटायचे, आपण त्याच्या बोटांना हलकेच हात लावायचा, कळलं की त्याने सांगायचं. शुगर जुनी झाली की पाय बधिर होतात, जखम कळत नाही, आणि मग बोट जातं, कधी अख्खा पाय.

अण्णांना शुगर होतीच. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी आईला ही तपासणी करायला लावली. तिने अंगठ्याला बोट लावलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"लाव की हात मंग," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले.

ते फोड आणि ती ऐट आत्ता कुठे समजली.

दुसऱ्या दिवशी जाफराबादच्या दवाखान्यात, याच कार्यक्रमात शिकलेल्या सिस्टरने त्यांच्या अंगठ्याखालून बाभळीचा काटा काढला. तो कधी रुतला, अण्णांना पत्ताच नव्हता. आत पू झाला होता. अंगठा राहील की जाईल, कुणी सांगेना. सिस्टर फोटो पाठवायची, आमचे डॉक्टर इथून बघायचे. जखमेवर भार येऊ नये म्हणून सँडलमध्ये साध्या फोमची गादी कशी कापून बसवायची, ते टांझानियाच्या नर्सने दाखवलं. हळूहळू जखम भरली. अंगठा वाचला.

उरला नवस. "शब्द देल्ला हाय गणपतीला," अण्णा बिलकुल ऐकेनात. वैतागून मी हे कार्यक्रमाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सांगितलं, तर ब्राझीलची नर्स हसायलाच लागली. तिच्याकडेही लोक नवसाचे अनवाणी चालतात. ती त्यांना बूट घालून चालायला लावते आणि चर्चच्या पायऱ्यांशी काढायला सांगते. मी ते अण्णांना सांगितलं.

"तिकडंबी नवस करतेत?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "त्यांच्या देवाला चालतंय, मंग आपला गणपती काय कोत्या मनाचा हाय का?"

या अंगारकीला मी सुट्टी काढून गावी गेले. अण्णा सँडल घालून राजूरपर्यंत चालले, मी आणि सिस्टर मागे. बाईमाणसाने पायाला हात लावायचा म्हटलं की म्हातारे पाय आखडून घेतात. म्हणून सिस्टर म्हणते, "बाबा, पाया पडते, डोळे मिटा." चहाच्या टपरीवर तिने चालत आलेल्यांची रांगेने तपासणी केली आणि अण्णा शेजारी उभे राहून सगळ्यांना आपला अंगठा दाखवत होते. तिची ही युक्ती कॉर्कमध्ये चालायची नाही, पण मीटिंगमध्ये मी ती छाती फुगवून सांगितली.

माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, कॉलवर आपण चेहरे बघतो आणि बरं आहे म्हणतो. एकदा कॅमेरा खाली पायांकडे न्यायला सांगा. माझं घर आता त्या पायांपाशी आहे.

देवळाच्या पायऱ्यांशी अण्णांनी सँडल काढली. ते कळसाकडे बघत होते तेव्हा मी वाकले. दहाही बोटं जागेवर होती. मी अंगठ्यांना हात लावला.

"पडली का पाया?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"पडले," मी म्हटलं, आणि हसत पुन्हा वाकले.