तपासून वापरायचा शब्द

चांगुणामावशीसमोर "काय करणार, नशीब!" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की तिचा कोयता हवेतच थांबायचा. अर्धा कापलेला बांगडा तसाच लाकडावर पडलेला, आणि मावशी मान वर करून विचारायची, "तपासलंस?" समोरची बाई गोंधळायची. नशीब तपासायचं असतं हे कुणाला ठाऊक? पण उत्तर मिळाल्याशिवाय कोयता खाली येत नसे. घरी कुकर लावून आलेल्या बायकांना मग खरं काय ते सांगून मोकळं व्हावं लागायचं.

मावशी पालीची. उत्तनच्या बाजूचं ते कोळ्यांचं गाव. तिथून पहाटेची बस पकडून ती भाईंदरला यायची आणि पुढे रिक्षाने मीरा रोडला. पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर आठवड्यातून चार दिवस तिची मासळीची पाटी लागायची. साठीची, काटक, शिक्षण चौथीपर्यंत, आणि आवाज असा की सहाव्या मजल्यावरच्या माणसाला बोंबील ताजे आहेत हे घरबसल्या कळावं.

मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी. परळ सोडून इथे येऊन मला वीस वर्षं झाली. सारी नोकरी एका कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात गेली, त्यामुळे स्वतःच्या इंग्रजीचा मला नको तितका अभिमान. सोसायटीच्या नोटिसा लिहिणं हा माझा आवडीचा उद्योग. पाणी येणार नाही, मीटिंग पुढे ढकलली, गच्ची बंद, काहीही असो, माझी सुरुवात ठरलेली: 'ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस'. काय ताकदीचे शब्द आहेत! वाचणारा निमूट पुढे जातो. का, कसं, कुणामुळे, काही विचारत नाही.

मावशीने विचारलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि एका आजारी आजींना पापलेट पोचवायला ती सहा जिने चढून उतरली होती. नोटीसबोर्डापाशी दम खात उभी राहिली आणि मला हाक मारून म्हणाली, "शेकेटरी, ह्यो शब्द काय हाय? मागं पान्याच्या कागदावर व्हता. आज लिफ्टच्या कागदावर पन हाय."

तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण पापलेट आणि हलवा लांबून वेगळे ओळखणारे डोळे ते, शब्दाचा आकार त्यांनी बरोबर टिपला होता. मी ऐटीत सांगितलं, "अनअव्हॉइडेबल. म्हणजे जे टाळता येत नाही. माणसाने काहीही केलं तरी जे व्हायचंच, ते."

"भरती येते, तसं?"

"अगदी तसं."

"मरान?"

"तेही."

तिने पदराने घाम टिपला. मग म्हणाली, "आनि लिफ्टला काय जालं?"

"गेले काही दिवस आवाज येत होता. मेकॅनिकला फोन करायचा होता."

"क्येला?"

"राहिला."

"किती दिस राहिला?"

"तीनेक आठवडे," मी म्हणालो. माझा आवाज आपोआप खाली आला होता.

"मंग ह्यात भरतीवानी काय हाय, शेकेटरी?"

तीस वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाने मला असं उघडं पाडलं नव्हतं. मी निमूटपणे नोटीस काढली आणि दुसरी लावली: 'मेकॅनिकला बोलवायला सेक्रेटरी विसरले, म्हणून लिफ्ट बंद आहे. उद्या संध्याकाळी सुरू होईल.' आमचे चेअरमन मेहता ती वाचून धावतच आले. "अरे भाई, नोटिस में ऐसा कौन लिखता है? लोग क्या बोलेंगे?" लोक काहीच बोलले नाहीत. फक्त पुढच्या महिन्यापासून तीन-चार जण मला आठवणीने विचारू लागले, "साहेब, लिफ्टवाल्याला फोन केलात ना?"

मावशीने मात्र तो शब्द मराठी अक्षरांत माझ्याकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. चार-आठ दिवसांत तिच्या तोंडी तो असा बसला की माझ्यासुद्धा बसला नसेल. गंमत म्हणजे एवढा घोकलेला शब्द ती वापरायची मात्र क्वचित. लोक नवा शब्द शिकले की सगळीकडे शिंपडतात. ही उलट त्याला जपायची. बस उशिरा आली? "न्हाय. डायवर चा पीत व्हता." गुडघा दुखतो? "अर्धं वय, अर्धं माजं. बाम लावायचा कंटाला." मासळी महाग का? "मीच जास्त सांगितलाय, तू कमी कर." पण पौर्णिमेच्या उधाणात गावातल्या खालच्या घरांच्या पायरीला पाणी लागलं, तेव्हा ती गेटवर शांतपणे म्हणाली, "त्ये अनअव्हॉइडेबल." महिन्याभरात तेवढं एकदाच.

"एवढी घासाघीस कशाला, मावशी?" मी एकदा चिडवलं. "शब्दच तर आहे."

"बोट आली का आमी वाळूत बसून मासळी निवडतो," ती म्हणाली. "ही पाटी येगळी, ती पाटी येगळी. चांगल्यात नासकी मिसळली, तर सगळी पाटी जाते. टळनारं आनि न टळनारं पन तसंच. एका पाटीत टाकू न्हाय."

काही दिवसांनी ती म्हणाली, "शेकेटरी, एक दिस पालीला या. शब्द तुमी दिलाव. आता एक गोष्ट तपासून द्या."

मी गेलो. मला वाटलं, कसलातरी सरकारी कागद असेल. पालीची गल्ली इतकी अरुंद की समोरून दुचाकी आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. मावशीचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, धर्माचा, हार घातलेला फोटो. तिने मला चहा दिला, स्वतः समोर बसली आणि छताखालच्या लाकडी माळ्याकडे बोट केलं. तिथे प्लास्टिकमध्ये बांधलेली चार नारिंगी लाइफ जॅकेट होती. घडी न मोडलेली.

"बोटीच्या लायसनला जाकीट लागतात," ती सांगू लागली. "आनली तवा कोरी करकरीत व्हती. खाऱ्या पान्यानं नासतील म्हनून मीच बांधून वर टाकली. तपासनीला साहेब आला का खाली काढायची. साहेब गेला का वर. समदे तसंच करतात."

नऊ वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी अचानक वारा उठला आणि धर्माची बोट उलटली. चौघे होते. तिघे पोहत आले. धर्माचा हात बोटीखाली दुखावला होता, त्याला पोहता येईना. एका फळीला धरून तो बराच वेळ होता, असं तिघांनी सांगितलं. दुसरी बोट तिथे पोचली तेव्हा फळी होती, धर्मा नव्हता.

"समदा गाव बोलला, दर्याची मर्जी. टळनारं न्हवतं. मी पन मान हलवली. नऊ वर्सं हलवते." तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. "आनि जाकीट अजून वरच. दर्याची मर्जी बोललं का जाकीट नवंच ऱ्हातं, शेकेटरी. ती बोट नीट करून आता तिच्यावर माजा पोरगा हरेश जातो. म्हनून इचारते. आमच्या मानसाच्या मरनावर तुमी त्यो शब्द लिवाल?"

मला पळून जावंसं वाटलं. असल्या वेळी माणूस जे बोलतो तेच मी बोललो. "मावशी, वादळ तर अनअव्हॉइडेबलच होतं ना."

"वारा व्हय," ती म्हणाली. "जाकीट न्हाय. तुमी पाट्या मिसळू नका."

"नाही लिहिणार," मी म्हणालो, आणि तिला तेच उत्तर हवं होतं. तिने मान डोलावली, कोपऱ्यातली शिडी माळ्याला लावली आणि मला म्हणाली, "धरा." साठीची ती बाई चार पायऱ्या चढली आणि एकेक जॅकेट खाली माझ्या हातात देत गेली. प्लास्टिकवर धुळीचा थर होता. मी इतकी वर्षं आपल्या एका विसरलेल्या फोनवर चार इंग्रजी शब्दांचं पांघरूण घालत होतो. आणि ही बाई, जिला अख्ख्या गावाने माफ करून टाकलं होतं, ती माफी परत करत होती. त्या क्षणी मला तिच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर हा शब्द पुरत नाही. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटली. देवळाच्या गाभाऱ्यात वाटते तशी.

त्यानंतर एका सकाळी, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बोटी निघाल्या तेव्हा, तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं. मावशी गुडघाभर पाण्यात बोटीला हात लावून उभी होती. हरेश आणि त्याचे तिघे खलाशी एकेक करून तिच्यासमोरून चढत होते आणि ती प्रत्येकाच्या छातीवरचा पट्टा स्वतः ओढून बघत होती. बाकीच्या बोटीवरचे हसत होते. "आये, उकडतंय गं," हरेश वैतागून म्हणाला. "जाळं ओढताना हात अडकतो."

"अडकू दे. वारा अनअव्हॉइडेबल हाय. बुडनं न्हाय."

"आनि काढलं तर?"

"तर घरी सांगायला येऊ नको, दर्याची मर्जी म्हनून. मी ऐकनार न्हाय."

हरेशने पट्टा आवळला. मला वाटतं, त्याला दर्यापेक्षा तिच्या न ऐकण्याची जास्त धास्ती असावी.

पुढल्या वर्षी, आंब्याच्या दिवसांत, मावशी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी येऊन तिने पाटी मांडली. सोसायटीतल्या बायकांनी घोळका केला. गेटवर बातमी तिच्याआधीच पोचली होती: हरेशची बोट उलटली होती, तिथेच, खाडीच्या तोंडाशी.

मी गर्दीतून पुढे झालो. मला विचारवेना. तिनेच सांगितलं.

"बोट गेली," ती म्हणाली. "पोरं आली. चारी. दोन तास पान्यात व्हती, मंग दुसऱ्या बोटीनं उचलली." मग कमरेच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "बोट अनअव्हॉइडेबल." आणि बांगडा कापायला घेतला. त्या दिवशी तिचा कोयता पहिल्यांदाच नीट चालत नव्हता. मी बाजूच्या पायरीवर बसून राहिलो. चेअरमन मेहता हे जैन, मासळीच्या वासाने गेटवरून नाक दाबून जाणारा माणूस. तो तिच्यासमोर येऊन हात जोडून उभा राहिला आणि मगच पुढे गेला. पुढे पालीत म्हणे इतर बोटींच्या बायकांनीही आपापले माळे रिकामे केले. हे मला हरेशकडून कळलं. मावशीने कधी सांगितलं नाही.

गेल्या थंडीत तिचं येणं कमी होत गेलं. अंगावरचं लुगडं सैल दिसू लागलं. "काय झालं?" म्हटलं की "तपासतेय," एवढंच. मग यायची थांबली. मी फोन केला की हरेश म्हणायचा, हॉस्पिटलात आहे, बरी होईल. एका सकाळी तो स्वतःच गेटवर आला, रिकाम्या हाताने. त्याच्याकडे बघितल्यावर काही सांगायची गरज नव्हती. मी त्याला ऑफिसात नेऊन बसवलं, पाणी दिलं.

माझ्या ओठांवर एक प्रश्न होता आणि तो आईविना झालेल्या पोराला कसा विचारावा हे कळत नव्हतं. तोच म्हणाला, "विचारा. आई बोलली होती, शेकेटरी विचारतील. त्यांना नीट सांग."

"काही करता आलं असतं का रे?" मी विचारलं.

"पोटात गाठ होती. दुखायला लागल्यावर दोन महिने तिने आम्हाला सांगितलंच न्हाय. ते तिने डॉक्टरांना स्वतः सांगितलं. ही माझी चूक, बोलली. मग विचारलं, तेव्हाच आले असते तर वाचले असते का? डॉक्टर बोलले, न्हाय, तेव्हाही उशीर झालेला. तिला पटेना. तीनदा विचारलं. मोठ्या डॉक्टरांना बोलवायला लावलं, त्यांना पण विचारलं. ते पण तेच बोलले." हरेशने डोळे पुसले. "मग हसली. बोलली, आता त्यो शब्द बसतो. शेकेटरींना सांग, माज्यावर लिवायला हरकत न्हाय."

तो गेल्यावर मी बराच वेळ कोरा कागद समोर घेऊन बसलो. लिफ्टच्या त्या दिवसानंतर हा शब्द मी एकाही नोटिशीत लिहिला नव्हता. पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मग हॉस्पिटलचं नाव हरेशने सांगितलं होतं, तिथे फोन लावला, त्या डॉक्टरांना गाठलं आणि मी कोण, कशासाठी विचारतोय, ते सांगितलं. मला वाटलं, ते रागावतील. पण ते म्हणाले, "त्यांनी तुमच्याबद्दल सांगितलं होतं. हो. नव्हतं टाळता येत."

मग मी नोटीस लिहिली, मराठीत, आणि बोर्डाच्या मधोमध लावली.

'पालीच्या चांगुणामावशी यापुढे आपल्या गेटवर येणार नाहीत. कारण अनअव्हॉइडेबल आहे. खात्री करून घेतली आहे. सेक्रेटरी.'