सारख्या वाटलेल्या गोळ्या

आईला दमा होता, पण दम्यापेक्षा त्याची भीती मोठी होती. धाप लागण्याआधीच ती घाबरायची, आणि घाबरली की धाप लागायची. आधी कोणतं आणि मागून कोणतं, हे आम्हाला कधी कळलं नाही. आदिलाबादच्या दवाखान्यातला एक डॉक्टर नेमकं हेच शोधत होता. जुनाट आजाराच्या माणसांची भीती गोळीनं कमी केली तर आजारही हलका होतो का, असा त्याचा अभ्यास. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. त्यानं आईला त्यात घेतलं, आणि सांधेवातानं आखडलेल्या मोठ्या आईलाही, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला.

दोघींना पाकिटं वेगळी दिली. आईची छाती कमजोर, म्हणून तिची गोळी हलकी. जास्त झाली तर झोपेतच श्वास मंदावेल, असं त्यानं हिंदीत बजावलं. मी ते मराठीत सांगितलं. दोघींनी शहाण्या मुलींसारख्या माना डोलावल्या.

आमच्या घरात दोघी जावांचा एक दंडक होता. बाहेरून आलेली वस्तू, मग लुगडं असो की बोरं, देव्हाऱ्यापुढं ठेवायची आणि सारखी वाटून घ्यायची. त्यामुळे त्या कधी भांडल्या नाहीत, आणि आम्हाला त्याचा केवढा तोरा!

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी मी शेतातून घरी आले, तर आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. दिवसा ती कधी आडवी होत नसे, गुदमरायचं तिला. मला आधी बरंच वाटलं. मग मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ हलायची, थांबायची, आणि पुन्हा हलायला फार वेळ लावायची. मी हाका मारल्या, गदागदा हलवलं. ओठ निळसर पडले होते.

मोठी आई अंगणातून लंगडत आली.

"हिले काय दिलं?" मी तिच्या अंगावर ओरडले.

"तिच्या गोळ्या बारीक दिसल्या वं," ती म्हणाली. "मंग दोघींच्या एकात केल्या अन् सारख्या वाटल्या. आज तिच्या वाट्याले मोठ्या आल्या. मी काऊन एकटीनं मोठ्या खाऊ?"

रागानं डोकं फुटायची वेळ आली, पण तो काढणार कोणावर? आम्ही आईला उठवून बसवलं, तोंडावर पाणी मारलं. कापसाच्या व्यापाऱ्याची जीप गावात आली होती, तिच्यात तिला घातलं. रस्ताभर मी तिच्या नाकापुढं हात धरून होते. जीप खड्ड्यात आदळली की श्वास हाताला लागत नसे, आणि माझी नखं मोठ्या आईच्या दंडात रुतत. तिनं दंड मागं घेतला नाही.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी आईनं डोळे उघडले. डॉक्टरनं दोघींना अभ्यासातून काढलं आणि आईची गोळी कायमची बंद केली. त्याचं बरोबरच होतं. मला इतकं हायसं वाटलं की रडूच कोसळलं.

आई छताकडे बघत पडली होती. डॉक्टर बाहेर गेल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मले उठवलं काऊन?" ती म्हणाली. "एवढ्या वर्सांत आज पयल्यांदा भेव वाटत नवतं."